निकेल हलकं, तरी कोबाल्टच्या मागे

आवर्तसारणीत कोबाल्ट 27व्या जागी आहे, निकेल 28व्या. पण कोबाल्टचं अणुवस्तुमान 58.93 आणि निकेलचं 58.69. वजनाने रांग लावायची तर निकेल आधी उभं राहायला हवं. टेल्युरियम आणि आयोडीन यांचंही तसंच. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने गुणधर्म पाहून टेल्युरियमला आधी बसवलं, आणि त्याचं वजनच चुकीचं मोजलं गेलं असणार, असं तो धरून चालला. वजन बरोबर होतं. चूक वजनाला क्रम मानण्यात होती.

तोवर अणुक्रमांक म्हणजे हजेरीपटावरचा नंबर, एवढंच. त्याला काही भौतिक अर्थ आहे हे प्रयोगाने दाखवलं पंचविशीतल्या हेन्री मोझलीने, 1913 मध्ये मँचेस्टरला. त्याने एकेका मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला आणि बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी स्फटिकाच्या मदतीने मोजली. वारंवारितेचं वर्गमूळ काढलं, तर ते मूलद्रव्यागणिक सारख्या पायऱ्यांनी चढत होतं. त्या जिन्यावर कोबाल्ट निकेलच्या एक पायरी खाली होतं, वजन काहीही म्हणो.

दर पायरीला एकाने वाढत होता तो केंद्रकातला धनप्रभार, म्हणजे प्रोटॉनांची संख्या. (प्रोटॉन हे नाव रदरफर्डने पुढे 1920 मध्ये रुळवलं.) उदासीन अणूत इलेक्ट्रॉनही तितकेच असतात. पण अणूची ओळख त्यांच्यावर ठरत नाही. मिठातल्या सोडियमने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, तरी प्रोटॉन 11 आहेत तोवर ते सोडियमच.

मग वजनाचा घोळ कुठून आला? केंद्रकातल्या न्यूट्रॉनांमुळे. त्यांना वजन असतं, पण प्रभार नसतो; आणि ते सापडले 1932 मध्ये, चॅडविकला. निसर्गातल्या कोबाल्टच्या अणूत 27 प्रोटॉन आणि 32 न्यूट्रॉन असतात. निकेलच्या सर्वाधिक आढळणाऱ्या समस्थानिकात (म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेल्या अणुप्रकारात) 28 आणि 30. प्रोटॉन एक जास्त, न्यूट्रॉन दोन कमी. साहजिकच निकेल हलकं.

मोझलीच्या जिन्यात काही पायऱ्या मोकळ्या राहिल्या: 43, 61 आणि 75. आता तिथे कोणतं तरी मूलद्रव्य असणारच, हे ठामपणे सांगता येत होतं. त्यांपैकी एकही त्याला पाहायला मिळालं नाही. ऑगस्ट 1915 मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला, वयाच्या 27व्या वर्षी. 75वं, ऱ्हेनियम, 1925 मध्ये मिळालं. 43वं, टेक्नेशियम, 1937 मध्ये. 61व्या प्रोमेथियमसाठी 1945 उजाडलं, आणि तेही सापडलं अणुभट्टीतल्या युरेनियमच्या विखंडनातून उरलेल्या अवशेषांत.