पिण्याच्या पाण्यात ब्लीच घालताना
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

उन्हाळा लागला की काउंटरवर हा प्रश्न ठरलेला: "घागरीत एक झाकण ब्लीच टाकलं तर चालेल ना?" नाही चालणार. बाटलीच्या झाकणात साधारण 10 मिली मावतं आणि 10 लिटरच्या घागरीला लागतं 1 मिली. म्हणजे दहापट झालं. म्हणून हा कागद बाटलीसोबत देतोय. घरी मोरीजवळ नको, स्वयंपाकघरात चिकटवा.

मुळात हे लागतं कधी? सोलापुरात पाकणी, सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रांतून येणारं नळाचं पाणी क्लोरीन घालूनच सोडलेलं असतं. पण आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, मग पिंपात, बॅरलमध्ये ते साठून राहतं. दिवस जातात तसा त्यातला क्लोरीन उडून जातो, वर कुणीतरी हात घालून तांब्या बुडवतो. पहिल्या दिवशीचं पाणी आणि चौथ्या दिवशीचं पाणी एक नसतं. टँकरचं पाणी, विहिरीचं पाणी, पाइप फुटून गढूळ आलेलं पाणी, यांचीही खात्री नाही. गॅस असेल तर सरळ उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवलं की झालं. आमचा माल खपला नाही तरी चालेल, उकळणं जास्त भरवशाचं. लहान बाळासाठी तर उकळलेलंच द्या. गॅस संपलाय किंवा इतकं पाणी उकळणं जमत नाही, तिथे ब्लीच.

बाटली कोणती, हे सगळ्यात महत्त्वाचं. लेबलवर 'सोडियम हायपोक्लोराइट' आणि टक्केवारी छापलेली हवी, 4 ते 6 टक्क्यांच्या आसपास. सुवास, रंग, साबण किंवा दाटपणासाठी काही घातलेलं असेल तर ते संडास-फरशीचं, पिण्याच्या पाण्याला अजिबात नाही. आम्ही विकतो त्या 5 लिटरच्या सुट्या कॅनलाही हेच लागू. त्याची ताकद नक्की किती, हे कॅनवर पाहून सांगता येत नाही. आणि कारखान्यात कामाला असलेला पाहुणा प्रोसेस हाऊसमधून, म्हणजे कापड धुतात-रंगवतात तिथून, बाटली भरून आणतो, ती तर मुळीच वापरू नका. तिथे ब्लीच म्हणतात ते कधी हायपो (म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट) असतं, कधी पेरॉक्साइड, आणि ताकद घरच्या बाटलीच्या कितीतरी पट असते.

तारीखही बघा. हायपो आपोआप कमजोर होत जातं, उन्हात आणि उष्णतेत आणखी लवकर. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बाटलीवर आम्ही स्वतः भरवसा ठेवत नाही. सहा महिने उलटलेली बाटली फरशीला वापरा, पाण्याला नवी घ्या. बाटली काळोख्या, गार जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

आता प्रमाण. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला लिटरमागे 2 थेंब. 20 लिटरच्या जारला 40 थेंब, म्हणजे 2 मिली. थेंब मोजत बसू नका, मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणा, 2 मिलीची खूण लगेच दिसते. ती सिरिंज मग दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. सगळा हौद शुद्ध करायच्या भानगडीत पडू नका, धुण्याभांड्याला त्याची गरज नाही. पिण्यापुरतं पाणी वेगळं काढून त्यालाच घाला.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी दुमडलेल्या सुती कापडातून गाळा. तरीही किंचित गढूळ राहिलं तर ब्लीच दुप्पट. पण चिखलासारख्या पाण्यात बाटली ओतत बसून उपयोग नाही, माती आणि शेवाळच क्लोरीन खाऊन टाकतं.

ब्लीच घातलं की ढवळा, झाकण लावा आणि 30 मिनिटं हात लावू नका. घड्याळ बघून. नंतर वास घ्या. हलका क्लोरीनचा वास यायला हवा. मुळीच येत नसेल तर तेवढंच ब्लीच पुन्हा घालून आणखी 15 मिनिटं थांबा. तरीही वास नसेल तर ते पाणी पिऊ नका. वास जास्त येतोय म्हणून पाणी न पिणारे असतात. अशा वेळी एका स्वच्छ भांड्यातून दुसऱ्यात चार-पाचदा ओता आणि थोडा वेळ उघडं ठेवा, वास उतरतो. सरबत करायचं तर लिंबू अर्ध्या तासानंतरच पिळा. लिंबू क्लोरीन मारतं, आधी पिळलं तर सगळी मेहनत वाया.

हे सगळं स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या स्वच्छ भांड्यात करा. तांब्या-पितळेच्या हंड्यात नको. माठ आवडत असेल तर शुद्ध झाल्यावर माठात ओता.

ब्लीच काय करत नाही, तेही सांगून ठेवतो. बोअरचा खारटपणा, फ्लोराइड, नायट्रेट यातलं काहीच जात नाही. कॉलरा, टायफॉइडचे जंतू मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही चिवट जंतू क्लोरीनला दाद देत नाहीत, तिथे उकळणंच.

गावाकडची मंडळी टीसीएलबद्दल विचारतात. ती ब्लीचिंग पावडर, ताजी असताना तिच्यात साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. विहिरीला, गावच्या टाकीला ती योग्य, कारण तिथे मोजून घालणारा माणूस असतो. घरच्या घागरीत चिमूट टाकू नका, वरचं प्रमाण तिला लागू नाही.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ऍसिड कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये जीव गुदमरतो. अमोनिया असलेला काचेचा क्लीनर किंवा व्हिनेगरही नको. चुकून मिसळलंच तर आवरायला थांबू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत या. डोळ्यात उडालं तर न चोळता साध्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. मुलाने घोट घेतला तर उलटी करायला लावू नका. तोंड धुवा, बाटली सोबत घ्या आणि थेट सिव्हिल गाठा किंवा 108 ला फोन करा. पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ब्लीच भरून मागितलं तर आम्ही देत नाही, ते याचसाठी. त्यावरून कृपया वाद घालू नका.