ब्लोक

ब्लोक : पुरुषासाठी वापरला जाणारा बोली इंग्रजी शब्द. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे तो सर्रास चालतो. अमेरिकेत फारसा रुजला नाही.

शब्दाचा उगम लंडनच्या चोरबोलीत असावा, याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. काळ बहुधा एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध. पत्रकार हेन्री मेह्यूने शतकाच्या मध्यास लंडनच्या गोरगरिबांच्या मुलाखती टिपल्या, तेव्हा तो चांगलाच रुळलेला दिसतो. मात्र चोरबोलीत तो कोठून आला, हा वाद मिटलेला नाही.

एका जुन्या मतानुसार तो मूळच्या भारतीय असलेल्या रोमानी (जिप्सी) भाषेतून, म्हणजे पर्यायाने आपल्या ‘लोक’ या शब्दावरून आला. भारतीय वाचकाला हे मत साहजिकच भुरळ घालते. पण आरंभीच्या ‘ब’चा उलगडा त्यातून होत नाही. शिवाय ‘लोक’ हा समूहवाचक शब्द. एकट्या माणसाला रोमानीत ‘मनुष’ किंवा ‘मुर्श’ म्हणतात. पैकी ‘मनुष’ आपल्या ‘माणूस’चा सख्खा भाऊ आहे, ‘ब्लोक’चे तसे नाते दाखवता येत नाही.

दुसरे मत शेल्टाकडे बोट दाखवते. शेल्टा ही आयर्लंडमधील भटक्या समाजाची गुप्त बोली. आयरिश शब्दांची उलटापालट करून तिचे बरेच शब्द घडले, हे कूनो मेयर व जॉन सॅम्पसन या भाषाभ्यासकांनी १८९०च्या सुमारास दाखवले. ‘कॅलीन’ (मुलगी) उलटून ‘लॅकीन’ होते. शेल्टात माणसाला ‘ग्लोख’ म्हणतात व तो आयरिश ‘ओग्लाख’ (तरुण, योद्धा) वरून आल्याचे मानतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये हद्दपारी भोगणाऱ्या जेम्स हार्डी व्हॉक्स या कैद्याने १८१२ मध्ये रचलेल्या (प्रसिद्धी १८१९) चोरबोलीच्या शब्दसंग्रहात ‘ग्लोक’ याच अर्थाने येतो. ‘बझ-ग्लोक’ म्हणजे खिसेकापू. ‘ग’चा ‘ब’ कसा झाला, हे कोडे येथेही उरतेच. तरी अर्थ, काळ व वापरणारी माणसे यांचा मेळ पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. केल्टिक (आयरिश ज्यात मोडते त्या भाषागटातील) ‘प्लॉक’ (आडदांड, हट्टी माणूस) ही व्युत्पत्तीही सुचवली गेली आहे. तिला पाठिंबा थोडा.

ब्रिटिश आरमारात खलाशी जहाजावरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला ‘द ब्लोक’ म्हणत. ऑस्ट्रेलियात ‘गुड ब्लोक’ ही आजही मोठी पावती समजली जाते.