इंटरनेट आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे समाजजीवन

महाविद्यालयांत व विद्यापीठांत शिकणाऱ्या तरुणांची मैत्री, घराशी असलेला संबंध, गटातील वावर आणि एकटेपणा यांवर इंटरनेटच्या नित्य वापराचा होणारा परिणाम हा समाजशास्त्र व मानसशास्त्र यांचा अभ्यासविषय आहे. विद्यार्थी पाहणीसाठी सहज मिळतात, हे संशोधकांच्या ओढ्याचे एक कारण आहेच. परंतु घर सोडून अनोळखी लोकांत नाती नव्याने जोडण्याची वेळ बहुतेकांवर याच वयात येते, हे कारण अधिक वजनदार आहे.

या क्षेत्रातील सुरुवातीचा गाजलेला अभ्यास विद्यार्थ्यांचा नव्हता. रॉबर्ट क्राउट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पिट्सबर्गमधील ७३ कुटुंबांची पाहणी करून १९९८ मध्ये असे मांडले की, इंटरनेटचा वापर वाढला की घरातील बोलणे व परिचितांचे वर्तुळ थोडे आक्रसते आणि एकटेपणा वाढतो. पुढील पाहणीत यांतले बहुतेक परिणाम ओसरल्याचे त्यांनीच २००२ मध्ये प्रसिद्ध केले. वेगळ्या एका गटात मात्र मनमोकळ्या माणसांना इंटरनेटचा लाभ, तर बुजऱ्यांना तोटा झालेला दिसला.

हार्वर्ड विद्यापीठात ४ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झालेले फेसबुक प्रारंभी विद्यापीठाचा ई-मेल पत्ता असणाऱ्यांनाच वापरता येई आणि एकेका विद्यापीठात पोचत ते सप्टेंबर २००६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. निकोल एलिसन, चार्ल्स स्टाइनफील्ड व क्लिफ लॅम्प यांनी मिशिगन राज्य विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्यक्षात भेटलेल्यांशी ओळख टिकवणे हाच तेथील मुख्य वापर होता, आणि जुजबी ओळखींचे जाळे त्यामुळे विस्तारत होते. उलट, फेसबुक वेगवेगळ्या महाविद्यालयांत वेगवेगळ्या वेळी पोचल्याचा उपयोग करून ब्रॅगिएरी, लेव्ही व माकारिन यांनी २०२२ मध्ये दाखवले की, त्याच्या आगमनानंतर विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य खालावले. इतरांशी होणारी तुलना हे त्यांच्या मते प्रमुख कारण होते. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी मानण्याची गरज नाही, कारण ओळखी वाढल्या की तुलनेला माणसेही वाढतात. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील २०१८ च्या प्रयोगात, फेसबुक, इन्स्टाग्राम व स्नॅपचॅट यांचा वापर प्रत्येकी रोज १० मिनिटांवर आणणाऱ्या विद्यार्थ्यांचा एकटेपणा तीन आठवड्यांत कमी झाला होता.

भारतात सायबर कॅफे व ऑर्कुट या आता बंद झालेल्या समाजमाध्यमाच्या काळात विद्यार्थ्यांचा वापर ठराविक वेळेपुरता असे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला आणि हा वापर दिवसभर चालू लागला. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत व्हॉट्सअॅपवर वर्गाचे सहसा दोन गट असतात. पहिल्यात शिक्षक असल्याने परीक्षा अर्जाची मुदत, वेळापत्रक आणि ‘ओके सर’ एवढेच चालते; दुसऱ्यात शिक्षक नसल्याने नोट्स, टवाळी, भांडणे आणि वाढदिवस असे सारे येते. या दुसऱ्या गटात कोणाला घेतले नाही, यावरून वर्गातील खरी गटबाजी कळते. ती जुनीच आहे. आता ती नावांच्या यादीत दिसते, इतकेच.

वसतिगृहातील विद्यार्थ्यांना पूर्वी घरी बोलण्यासाठी एसटीडी बूथवर रांग लावावी लागे. रोजच्या व्हिडिओ कॉलने घरची ओढ सुसह्य केली, मात्र खोलीत सोबत कोण आहे हे घरच्यांना दिसू लागल्याने मुलींवरची देखरेख मैलोन्‌मैल लांब पोचली. तासांवर भर देणाऱ्या पाहण्यांत हा भेद हरवतो, कारण आईशी बोललेला अर्धा तास आणि रील्स पाहण्यात गेलेला अर्धा तास त्यांच्या हिशेबी सारखाच असतो. अतिवापराच्या तक्रारींसाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ मध्ये स्वतंत्र उपचारकेंद्र सुरू झाले. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत अनेक प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची वर्गमित्रांशी पहिली ओळख पडद्यावरच झाली, आणि गावी रेंज नसलेल्यांचा अभ्यासाबरोबर वर्गाशी असलेला संबंधही तुटला.