केऑस मॅजिक

केऑस मॅजिक ही १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये उदयाला आलेली गूढसाधनेची धारा. तिला ठरलेले दैवत नाही, धर्मग्रंथ नाही आणि गुरुपरंपरेची सक्तीही नाही. श्रद्धा हे हत्यार आहे, असे ती मानते. साधकाने एखादी श्रद्धा काही काळ मनापासून धरावी, तिच्याकडून काम करून घ्यावे आणि मग ती बाजूला ठेवावी. आपल्याकडे करणी, भानामती म्हटले की जे डोळ्यांसमोर येते ते इथे लावू नये. इथला मुख्य भर साधकाने स्वतःच्या मनाची घडण बदलण्यावर आहे. या साधनेचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी चित्रकारांचा, पदरमोड करून पुस्तके छापणाऱ्यांचा आणि झेरॉक्स काढून टपालाने अंक पाठवणाऱ्यांचा इतिहास आहे. ही छपाई वगळली तर केऑस मॅजिक समजतच नाही.

या धारेचा आद्यपुरुष ऑस्टिन ऑस्मन स्पेअर (१८८६–१९५६) हा लंडनचा चित्रकार. वडील पोलीस शिपाई. १९०४ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, त्याचे चित्र रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागले आणि वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. ते कौतुक टिकले नाही. १९१३ मध्ये त्याने ‘द बुक ऑफ प्लेझर’ हा सचित्र ग्रंथ स्वतःच प्रसिद्ध केला. मे १९४१ च्या बाँबहल्ल्यात त्याचा स्टुडिओ उद्ध्वस्त झाला, हाताला इजा झाली. पुढे तो दक्षिण लंडनच्या कामगार वस्तीत हलाखीत राहिला आणि तिथल्याच पबांच्या भिंतींवर चित्रे लावून ती स्वस्तात विकत राहिला. अखेरच्या वर्षांत केनेथ ग्रँट या लेखकाशी त्याची मैत्री झाली, आणि ग्रँटच्या लेखनामुळेच स्पेअरचे नाव पुढच्या पिढीपर्यंत पोचले.

स्पेअरचे खरे देणे म्हणजे सिजिल, अर्थात इच्छेचे चिन्ह. कृती साधी आहे. इच्छा एका वाक्यात लिहायची, पुन्हा आलेली अक्षरे गाळायची आणि उरलेली एकमेकांत गुंफून एक आकृती करायची. मराठीत करून पाहिले तर रीत चटकन कळते. ‘मला शांत झोप लागावी’ हे वाक्य घ्या. काना-मात्रा व अनुस्वार सोडले आणि दुसरा ल गाळला की म, ल, श, त, झ, प, ग, व एवढी अक्षरे उरतात. यांतल्या बहुतेकांना उजवीकडे उभी रेघ आहे. म्हणून एकच रेघ ओढून तिच्या दोन्ही अंगांना प चे पोट, त चा बाक, ग चा आकडा चिकटवता येतो. शिरोरेघ काढून टाकली की वाक्य ओळखू येत नाही, उरते ती नुसती आकृती. पुढे ध्यान, दमछाक, नाच, कामोत्तेजना अशा कोणत्याही मार्गाने मन विचारशून्य होईल त्या क्षणी तिच्यावर नजर खिळवायची आणि नंतर इच्छेसकट ती विसरून जायची. सगळ्यांत अवघड भाग हा विसरण्याचाच. इच्छा जाणिवेत घोळत राहिली तर ती स्वतःच्याच आड येते, असे स्पेअरचे म्हणणे होते. आपल्याकडच्या पूजेतल्या यंत्राशी ही आकृती दिसायला जवळची वाटली, तरी फरक मोठा आहे. यंत्र परंपरेने ठरवून दिलेले असते. सिजिल ज्याचे त्याने काढायचे आणि एकदाच वापरायचे.

या रीतीला चळवळीचे रूप दिले ते पीटर कॅरल आणि रे शर्विन यांनी. शर्विन यॉर्कशरमधून ‘द न्यू इक्विनॉक्स’ हे छोटे नियतकालिक चालवत असे आणि कॅरल त्यात लिही. १९७८ मध्ये शर्विननेच कॅरलचे ‘लिबर नल’ छापले. त्याच सुमारास दोघांनी ‘इल्युमिनेट्स ऑफ थॅनाटेरॉस’ या मंडळाची घोषणा केली. मृत्यू आणि कामवासना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द, थॅनाटॉस आणि इरॉस, जोडून हे नाव केले आहे. मंडळाची आठ बाणांची खूण मायकल मूरकॉक या इंग्रज कादंबरीकाराच्या कल्पित जगातून आलेली. कादंबरीतले चिन्ह साधनेत चालते, हे या मंडळींनी उघडपणे मान्य केले होते.

ऐंशीच्या दशकात लीड्स हे शहर या सगळ्याचे केंद्र बनले. या साधनेवर लिहिणाऱ्या फिल हाइन याच्या पुस्तिका आणि ‘पेगन न्यूज’सारखे अंक तिथून निघत. कात्री, गोंद, टंकलेखन यंत्र आणि झेरॉक्स एवढ्यावर अंक उभा राही. मुंबईतल्या सायक्लोस्टाइल केलेल्या ‘शब्द’सारख्या अनियतकालिकांशी या अंकांचा संबंध नाही, पण प्रस्थापित प्रकाशक छापणार नाहीत ते स्वतः छापायचे, ही ऊर्मी मराठी वाचकाला ओळखीची आहे. अंकाची ही रीत आणि सिजिलची रीत जवळपास एकच आहे: मजकूर कापायचा, नव्याने जोडायचा, जगात सोडून द्यायचा. कापाकापीचे हे तंत्र चित्रकार ब्रायन गायसिन व कादंबरीकार विल्यम बरोज यांनी १९५९ पासून पॅरिसमध्ये लेखनासाठी वापरले होते आणि त्याचा जादूशी संबंध आहे असे दोघांचेही मत होते.

बरोज-गायसिनचा वारसा थेट चालवला तो संगीतकार जेनेसिस पी-ऑरिज यांच्या भोवती १९८१ मध्ये जमलेल्या ‘टेंपल ऑव्ह सायकिक यूथ’ या जाळ्याने. सभासद दर महिन्याच्या २३ तारखेला रात्री ११ वाजता आपापल्या घरी सिजिल करत आणि त्याचा कागद टपालाने पाठवत. त्यांतून मोठा संग्रह जमला. फेब्रुवारी १९९२ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने या गटावर सैतानी अत्याचाराचे आरोप केले. पाठोपाठ पोलिसांनी पी-ऑरिज यांच्या ब्रायटनच्या घरावर छापा घालून संग्रह जप्त केला. ते कुटुंब तेव्हा नेपाळमध्ये होते. पुरावा म्हणून दाखवलेली दृश्ये जुन्या कलाचित्रफितीतली निघाली, गुन्हा कधी दाखल झाला नाही. तरी कुटुंबाला इंग्लंड सोडून अमेरिकेत राहावे लागले. हा उघड अन्याय होता. भूमिगत प्रकाशनाचा एवढा मोठा ठेवा अफवेच्या भरात हातचा गेला, याची हळहळ वाटते.

एक धागा मुंबईपर्यंत येतो. लंडनमध्ये जन्मलेल्या आणि अ‍ॅलिस्टर क्रोली या गाजलेल्या इंग्रज गूढसाधकाला भेटलेल्या एका इंग्रजाने १९५३ मध्ये मुंबईत नाथपंथातल्या आदिनाथ परंपरेची दीक्षा घेतली आणि महेंद्रनाथ हे नाव धारण केले. नंतर ते गुजरातमध्ये राहिले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माइक मगी या त्यांच्या इंग्रज शिष्याने ‘अमूकोस’ हे मंडळ सुरू केले. फिल हाइनही त्यात होता. नवनाथांच्या पोथ्या घरोघरी वाचणाऱ्या महाराष्ट्राला या गोष्टीची फारशी खबर नाही.

१९९४ ते २००० या काळात ग्रँट मॉरिसन यांच्या ‘द इनव्हिजिबल्स’ या कॉमिकमालिकेने सिजिल हजारो वाचकांपर्यंत नेले. खप घसरल्यावर मॉरिसन यांनी पत्रांच्या सदरातून वाचकांनाच मालिका तगावी म्हणून सिजिल करायला सांगितले होते. त्याच दशकात हाइनच्या पुस्तिका संगणकावरून फुकट फिरू लागल्या. स्पेअरचे ग्रंथ आता देखण्या आवृत्त्यांत निघतात, आणि दक्षिण लंडनमध्ये एलिफंट अँड कासल इथे रेल्वेच्या कमानींलगतच्या एका गल्लीला ‘स्पेअर स्ट्रीट’ असे त्याचे नाव दिले आहे.