थंडी एकच, शरीरं दोन

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरापासून बसने पाऊण तास लांब, फ्योर्डच्या म्हणजे डोंगरांमधे आत शिरलेल्या समुद्राच्या काठावर, डिसेंबरच्या रात्री दहा वाजता आम्ही दोघं अरोरा, म्हणजे ध्रुवांजवळ रात्री आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, बघायला माना वर करून उभे होतो. मी नवऱ्याला म्हणत होते अरे बघ ना, तो हिरवा पट्टा, डोंगराच्या जरा वर, आणि तो म्हणत होता कुठे हिरवं, मला राखाडी ढगासारखं काहीतरी दिसतंय. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होतो.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी रंग ओळखतात पण त्यांना भरपूर उजेड लागतो, आणि दंडगोल पेशी अगदी मिणमिणत्या उजेडातही काम करतात पण त्यांना रंग कळत नाही. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि तेवढी वाट बघून झाल्यावर कोणी मोबाईलचा स्क्रीन एकदा नीट डोळ्यासमोर धरला की बरीचशी मेहनत वाया जाते. मी बसमधून उतरल्यापासून फोन काढलाच नव्हता. तो दर दोन मिनिटांनी हवामानाचं ॲप बघत होता. अरोरा फिका असेल तर अशा वेळी तो राखाडीच दिसतो, आणि कॅमेरा मात्र पाच-दहा सेकंद उजेड साठवून फोटो मस्त हिरवागार काढतो, त्यामुळे फोटो बघून गेलेल्यांना वाटतं की आपल्याला काहीतरी कमी दिसलं.

तो हिरवा येतो कुठून, तर जमिनीपासून १०० किलोमीटरपेक्षाही वर असलेल्या ऑक्सिजनच्या अणूंमधून. सूर्याकडून सतत विद्युतभारित कणांचा वारा सुटलेला असतो, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यातली ऊर्जा साठवतं आणि मग इलेक्ट्रॉन्स ध्रुवांभोवतीच्या बांगडीसारख्या एका कड्यात खाली ढकलले जातात, ट्रॉम्सो बरोब्बर त्या कड्याखाली येतं. इलेक्ट्रॉनची धडक बसली की ऑक्सिजनचा अणू उत्तेजित होतो आणि साधारण पाऊण सेकंदात हिरवा प्रकाश सोडतो. तोच अणू लाल प्रकाशही सोडू शकतो, पण त्याला जवळजवळ दोन मिनिटं लागतात, आणि खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात दुसरा कुठलातरी अणू किंवा रेणू येऊन त्याला धडकतो आणि ऊर्जा तशीच निघून जाते. म्हणून लाल रंग फक्त २०० किलोमीटरच्या वरच्या विरळ हवेत दिसतो. मे २०२४ च्या मोठ्या सौर वादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशातही लाल झाक दिसली होती. क्रिस्तियान बिर्कलँड नावाच्या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी निर्वात पेटीत एक चुंबकीय गोळा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉन्स सोडले आणि त्याच्या ध्रुवांभोवती तसाच उजेड उमटवून दाखवला. मला हा प्रयोग फार आवडतो, एवढं मोठं आकाश एका पेटीत आणायचं म्हणजे काय!

आता हातांचं. तापमान होतं उणे १०, पुण्यात १० अंश झाले तरी आपण कुडकुडतो, आणि त्यात वारा. ताशी ३० किलोमीटरचा वारा असला की उणे १० चा त्वचेवरचा परिणाम जवळपास उणे २० सारखा होतो, कारण अंगाला चिकटून असलेला उबदार हवेचा पातळ थर वारा सारखा उडवून लावतो. अर्ध्या तासात माझ्या बोटांची टोकं पांढरी पडली, ट्रायपॉडच्या पिशवीची चेन धरली आहे की नाही तेच कळेना. नवरा शेजारी नुसते पातळ हातमोजे घालून आरामात उभा, म्हणाला एवढी काही नाहीये गं थंडी.

हे वाक्य कितीतरी जोडप्यांमधे भांडणाचं कारण होतं म्हणून सविस्तर सांगते. थंडी वाजली की शरीर आधी काळीज, मेंदू, यकृत यांना सांभाळतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बायकांमधे हे आवळणं साधारणपणे जास्त जोरात होतं, त्यात इस्ट्रोजेन या हार्मोनचाही हात असतो. शिवाय स्नायू कमी म्हणजे बसल्याजागी तयार होणारी उष्णता कमी, आणि हात लहान म्हणजे आकारमानाच्या मानाने त्वचा जास्त, म्हणजे उष्णता पटकन निघून जाते. त्यामुळे आतलं तापमान दोघांचं सारखंच असताना बोटं मात्र एकाची गार आणि एकाची गरम. अजून एक गोष्ट, बोटं खूप गार झाली की पाच-दहा मिनिटांनी काही जणांच्या रक्तवाहिन्या अचानक उघडतात, बोटं लाल होतात, उबदार होतात, मग परत आवळतात. थॉमस लुईस यांनी १९३० मधे हे नोंदवलं. कोणाच्यात हे झटपट होतं, कोणाच्यात फारसं होतच नाही. तेव्हा जोडीदार म्हणाला की बोटं बधिर झालीत तर ते खरं माना, तुमच्या हातावरून त्याची थंडी मोजू नका.

मी हात जॅकेटच्या आतून सरळ त्याच्या काखेत खुपसले, तो दचकला पण हलला नाही. हाच उपाय बरोबर आहे, दुसऱ्याच्या अंगाची ऊब. बोटं चोळायची नाहीत, बर्फाने तर अजिबात नाही, बधिर त्वचा चोळली की इजा होते. ऊब देऊनही टोकं पांढरी आणि बधिरच राहिली तर सरळ डॉक्टर. दुसऱ्या दिवशी मी चार बोटं एकत्र राहतात ते मिटन्स घेतले, त्यात बोटं एकमेकांना गरम ठेवतात. दारूने ऊब येते हाही गैरसमज आहे, त्वचेकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं पण आतली उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते.

त्यालाही थंडीने सोडलं नाही म्हणा. आत सुती बनियन घातलेलं, टेकडी चढताना घाम आला, बनियन ओलं झालं आणि थांबल्यावर दात वाजायला लागले, पाणी हवेपेक्षा जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. लोकर किंवा सिंथेटिक थर्मल घ्या, सुती काही नको.

झोपेचंही तेच. नॉर्वे हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे तिथे रात्री नऊ वाजले की शरीराला मध्यरात्रीनंतरचे दीड वाजलेले असतात. मी पहाटे उठणारी, मला आठ वाजताच पेंग यायची आणि तीनला टक्क जाग. तो उशिरा झोपणारा, दोन दिवसांत रुळला. घड्याळ मागे न्यायला संध्याकाळी डोळ्यात भरपूर उजेड जावा लागतो, आणि इथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. २१ डिसेंबरला भर दुपारी बारालाही तो क्षितिजाच्या ३ अंश खाली असतो, वर नुसता निळसर उजेड, सगळा बर्फ निळा. मग संध्याकाळी हॉटेलचे सगळे दिवे लावून बसायचे, त्याने जरा फरक पडला.

तिसऱ्या रात्री परत गेलो. त्याचा फोन आधीच्या रात्री ४० टक्क्यांवरून अचानक बंद पडला होता, थंडीत बॅटरीतल्या लिथियमच्या आयनांची हालचाल मंदावते, खोलीत येऊन गरम झाल्यावर चार्ज परत दिसला. म्हणून या वेळी तो फोन माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात. पंचवीस मिनिटं दोघं नुसते उभे. मग पट्टा उठला, मी म्हटलं दिसतंय का हिरवं, तो म्हणाला हो, आणि खाली एक गुलाबी किनार आहे ना, ती हलतेय. मला ती दिसलीच नव्हती. नायट्रोजनची असते ती, सगळ्यात खालच्या टोकाला. त्याने माझा हात धरून बोट बरोबर त्या किनारीकडे नेलं, तेव्हा मला दिसली.