स्ट्राव्हिन्स्कीचा ‘तो’ ठोका: मात्रा मोजून पाहा

संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: पडदा उघडताच सुरू होणाऱ्या त्या दणदणीत ठोक्यांत ताल दर मात्रेला बदलतो, ढोल बडवले जातात, आणि म्हणूनच २९ मे १९१३ ला पॅरिसचे प्रेक्षक खवळले.

स्वरलिपी उघडा. तिथे सरळसोट २/४ आहे, म्हणजे प्रत्येक मापात (तालाच्या एका आवर्तनात) दोन मात्रा, आणि एका मात्रेत दोन ठोके. ढोल तर सुरुवातीला नाहीतच! तंतुवाद्ये एकच कर्कश स्वरसमूह न थांबता वाजवतात, प्रत्येक ठोक्याला गज खालीच ओढून. पहिल्या ८ मापांत असे ३२ ठोके येतात. गंमत आघातांत आहे. आधी ९ ठोके सपाट, मग १०, १२, १८, २१, २५ आणि ३० व्या ठोक्यावर ८ हॉर्न तंतुवाद्यांसोबत आदळतात. ठेका हलत नाही, पण समेची वाट पाहणारा कान दरवेळी फसतो. मला तर यातच खरी करामत दिसते. मापे खरोखर सतत बदलतात ती शेवटच्या बळीच्या नृत्यात.

राहिला गोंधळ. कुजबुज नि हशा प्रास्ताविकातच सुरू झाला होता, आणि पडदा वर गेल्यावर निजिन्स्कीने बसवलेले आत वळलेल्या पायांचे नाच पाहून गोंधळ भडकला. आरडाओरड्यात नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना, म्हणून निजिन्स्की विंगेतून ओरडून मात्रा मोजत होता. तरीही वाद्यवृंदाचा संचालक माँतोने प्रयोग शेवटपर्यंत नेला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९१४ मध्ये, त्याच माँतोने पॅरिसमध्येच नाचाविना हे संगीत वाजवले. तेव्हा लोकांनी स्ट्राव्हिन्स्कीला खांद्यावर घेतले.