३ टीबीची डिस्क ७४६ जीबी का दाखवते?

निपाणीच्या एका फोटोग्राफर मित्राचा गेल्या आठवड्यात फोन आला. "दादा, कॉम्प्युटरमधली ३ टीबीची हार्ड डिस्क काढून जुन्या यूएसबी केसमध्ये घातली, तर ७४६ जीबीच दाखवायलीय. दुकानदार म्हणतो डिस्क डुप्लिकेट आहे, फॉरमॅट मारून बघू." मी म्हटलं, फॉरमॅटला हात लावू नको. आकडा ७४६ आहे, म्हणजे डिस्क ठणठणीत आहे.

डिस्कवर ५१२ बाइटचे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला नंबर असतो. केसमधली छोटी चिप कॉम्प्युटरकडून नंबर घेते आणि डिस्कला सांगते. जुन्या चिपमध्ये या नंबरासाठी ३२ बिटांचीच जागा असते. प्रत्येक बिट ० किंवा १, म्हणून एकूण नंबर होतात २ चा ३२वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. त्याला ५१२ ने गुणलं की सुमारे २.२ टीबी होतात. त्यापुढचा नंबर चिपला लिहिताच येत नाही. जुन्या स्कूटरचं मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतं, तसंच इथंही होतं.

आता ३ टीबीच्या डिस्कवर कप्पे असतात ५,८६,०५,३३,१६८. मीटर एकदा पूर्ण फिरून शून्यावर येतं आणि उरतात १,५६,५५,६५,८७२. गुणिले ५१२, मग बाइटचे जीबी करायला १०२४ ने तीनदा भागा. उत्तर ७४६! हे गणित मी पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. फॉरमॅट मारला असता, तर डिस्कच्या सुरुवातीला असलेला विभागांचा तक्ता (कुठला भाग कुठल्या नंबरापासून सुरू होतो याची नोंद) पुसला गेला असता आणि लग्नांचे फोटो शोधणं अवघड झालं असतं.

काही केस यावर वेगळी युक्ती करतात. त्या कॉम्प्युटरला ४०९६ बाइटचे कप्पे असल्याचं सांगतात, म्हणजे तेवढ्याच नंबरांत आठपट जागा बसते. पण तीच डिस्क बाहेर काढून थेट कॉम्प्युटरला जोडली, तर तक्त्यातले नंबर जुळत नाहीत आणि ती कोरी दिसते.

ऑनलाइन हजार रुपयांत मिळणारी '१६ टीबी'ची डिस्क मात्र घेऊ नका. तिथं चिपला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचा डेटा एकतर हरवतो, नाहीतर आधीच्या फायलींवर लिहिला जातो.

मित्राने बेळगावातून ३ टीबीच्या वर चालणारी नवी केस आणली. डिस्क जोडल्यावर विंडोजने २.७२ टीबी दाखवले (विंडोज १०२४ ने भागतं, म्हणून पूर्ण ३ टीबी असे दिसतात) आणि २०१४ पासूनच्या सगळ्या लग्नांचे फोल्डर जागच्या जागी सापडले.